गोळ्यांचे वाटे

दर महिन्याच्या शेवटी मी दुकानातली कपाटं उपसते. कोपरखैरण्याच्या एका मेडिकलच्या काउंटरवर मला बरीच वर्षं झाली, आणि तारीख उलटलेला माल शोधून बाजूला काढणं हे माझंच काम. त्यात मी कुणाचं ऐकत नाही. शेठ म्हणतात, "अगं, दोनच दिवस वर झालेत." मी म्हणते, "शेठ, दोन दिवस म्हणजे दोन दिवस." पट्टी खोक्यात जाते. दुकानात मला सगळे कजाग म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मी आहेच.

पण माझ्या घरी, कपड्यांच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर, प्लॅस्टिकचा एक डबा आहे. त्यातल्या गोळ्यांची तारीख केव्हाच उलटून गेली. नवऱ्याने दोनदा विचारलं, "टाकू का हे?" तिसऱ्यांदा विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

तो डबा कोरोनाच्या पहिल्या वर्षातला. त्या दिवसांचं मला काही सलग आठवत नाही. पहाटे अर्धवट जाग आल्यावर स्वप्न आठवावं तसं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. चौकातला सिग्नल कुणीही नसताना एकटाच लाल होतोय, हिरवा होतोय. सेक्टरमध्ये इतकी शांतता की समोरच्या बिल्डिंगमधल्या चौथ्या मजल्यावरची कुकरची शिट्टी आमच्या दुकानात ऐकू यायची. दुपारी गर्दी ओसरली की ऊन तिरकं होऊन काउंटरच्या काचेवर यायचं आणि टॉनिकच्या तपकिरी बाटल्या आतून उजळायच्या. मी हातात मळकं फडकं घेऊन त्यांच्याकडे बघत उभी राहायचे. वार कोणता, तारीख कोणती, काही सुधरायचं नाही. मी, जी दुसऱ्यांच्या तारखा तपासते, तिला आजची तारीख विचारावी लागायची.

सकाळी मात्र रांग. खडूने आखलेल्या गोलांत माणसं उभी, तोंडं झाकलेली, नुसते डोळे. आणि सगळ्यांचं मागणं एकच. "इम्युनिटीचं काहीतरी द्या." काहीतरी! अहो, मेडिकल आहे का भाजीचा गाडा? पण माणसं तसंच मागायची. तुर्भ्याच्या कंपनीत शिफ्टला जाणारा एक जण यायचा, तो विचारायचा, "मॅडम, सगळ्यांत भारी कुठलं?" एक निवृत्त मास्तर यायचे, ते बाटलीवरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायचे, धडा वाचल्यासारखी, आणि शेवटी काहीही न समजता दोन बाटल्या घ्यायचे. एक बाई शेजारणीने काय नेलं ते आधी विचारायची, मग त्याहून मोठा डबा मागायची. सुरुवातीला मी समजावायचे. म्हणायचे, काका, जेवण धड असेल तर यातलं बरंचसं लागत नाही, आणि हे खाऊन आजार अडतो असा काही भरवसा नाही, मास्क नीट लावा. काका मान डोलवायचे. मास्क नाकावर ओढायचे. आणि म्हणायचे, "बरोबर आहे तुमचं. दोन पट्ट्या द्या."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना, ते मी रोज बघत होते. शेठ गल्ल्यामागून माझ्याकडे डोळे वटारायचे की, बाई, तू माल विकायला बसलीस की कीर्तनाला?

एक माणूस मात्र मी विसरत नाही. त्याने गोळ्यांची अर्धी भरलेली बाटली काउंटरवर ठेवली. त्याचे वडील वारले होते. फोडलेली बाटली परत घेता येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं, तो ती परत द्यायला आलाच नव्हता. तो म्हणाला, "आता ह्या कोणी खायच्या?" मी म्हटलं, "तुम्ही घ्या." तो म्हणाला, "पण मी त्यांच्यासाठी आणल्या होत्या." बाटली उचलली आणि उन्हात निघून गेला. त्या दिवसापासून मी समजावणं बंद केलं. मागतील ते देत गेले.

आणि मीही घ्यायला लागले. लोका सांगे ब्रह्मज्ञान! घेतल्या त्या माझ्यासाठी नाही, आईसाठी.

माझी आई दिवाळे गावात राहते, बेलापूरच्या खाडीवर. आमचं कोळ्यांचं घर. बाप मी लहान असतानाच गेला, भाऊ-बहीण नाही. आईने पाटी डोक्यावर घेऊन, म्हावरं विकून मला शिकवलं, फार्मसीला घातलं. रक्ताचं म्हणून मला जगात तेवढं एकच माणूस. साखर आहे, वय झालंय, आणि गाव सोडून माझ्याकडे ये म्हटलं तर म्हणायची, "तुज्या चवथ्या माल्यावर खाडी हाय का?" मी तिच्याकडे जाऊ शकत नव्हते, कारण दिवसभर मी खोकणाऱ्या माणसांत उभी. मीच तिला आजार नेऊन दिला तर? ती गेली तर? तेव्हा गेलेल्या माणसाचं तोंडही बघायला मिळत नव्हतं. हीच एक भीती, काउंटर पुसताना, भात लावताना, अंघोळीला पाणी घेताना. दुसरं काही नव्हतंच डोक्यात.

मग मी एक पाकीट बांधलं. क जीवनसत्त्वाच्या नारिंगी गोळ्या, झिंकची पट्टी, आणि ड जीवनसत्त्वाच्या त्या मऊ पिवळ्या कॅप्सूल, आठवड्याला एकच घ्यायची त्या, चार. दुकानात माल घेऊन येणारे एक काका बेलापूरला राहायचे, त्यांच्या स्कूटरवरून पाकीट दिवाळ्याला गेलं. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना मी फोन लावायचे. घरच्या फोनवर माझी जीभ आपोआप वळते.

"आये, गोली घेतलीस का?"

"घेतली गो."

बस्स. तेवढं ऐकलं की माझा जीव भांड्यात पडायचा. पुढे ती काय बोलायची, कुणाची होडी दुरुस्तीला काढली, कुणाच्या मांजरीला पिल्लं झाली, ते मी अर्धवट ऐकायचे. "घेतली गो" ऐकून मी रात्री झोपायचे.

चौथ्या की पाचव्या दिवशी ती म्हणाली, "त्या पिवल्या मऊ गोल्या सपल्या. अजून पाठव."

महिन्याचा डोस! चार दिवसांत! "आये, किती खाल्ल्यास? पोटात दुखतंय का? उलटी होते का?" तोवर फोन कट. पुन्हा लावला, लागेना. त्या चारांनी काही मोठं बिघडलं नसतं, हे मला आज शांतपणे सांगता येतं. त्या वेळी मी फार्मसिस्ट नव्हते, मी तिची पोरगी होते. नवऱ्याची स्कूटर काढली, मेडिकलचा पास गळ्यात घातला आणि निघाले.

पाम बीच रोडवर इतकी रिकामी दुपार मी कधी पाहिली नव्हती. डावी-उजवीकडे बघायची गरजच नाही. तिवरांवरून खारा वारा येत होता आणि मधेच लांब चिखलात गुलाबी रेघ दिसत होती, रोहित पक्ष्यांची. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी वाटत होतं की हा रस्ता संपूच नये, कारण रस्ता चालू आहे तोवर आई आहे.

दिवाळ्यात आमच्या आळीच्या तोंडाशी बांबू आडवा बांधला होता. मासळी वाळत घालायच्या वलांडींवर काहीच नव्हतं, होड्या बांधून ठेवलेल्या. मी बांबूच्या अलीकडे थांबले आणि समोर पाहिलं.

आई ओट्यावर बसली होती. ठणठणीत. तिच्यापुढे लाकडी पाट, ज्यावर ती बाजारात म्हावऱ्याचे वाटे मांडते तोच. आणि त्या पाटावर तिने गोळ्यांचे वाटे घातले होते. एका ओळीत, सारखे, म्हावऱ्याचे घालते तसेच. नारिंगी गोळी, पांढरी गोळी. समोर आपापल्या उंबऱ्यावर चार बाया बसलेल्या, तोंडाला पदर बांधून, आईबरोबर वर्षानुवर्षं बाजारात बसणाऱ्या त्याच. आणि आईने कोयत्याने, अहो, ज्या कोयत्याने ती सुरमई कापते त्या कोयत्याने, एक गोळी मधोमध कापली आणि अर्धी इकडे, अर्धी तिकडे ठेवली.

"आये!" मी किंचाळले.

पाचही जणींनी वर पाहिलं. आई म्हणाली, "अगो, आलीस? लांबच ऱ्हा हां."

"तू काय चालवलंयस हे? गोळी कापतात कधी? तिचा कोर्स असतो, डोस असतो! मी तुझ्यासाठी पाठवल्या होत्या, सगळ्या गावासाठी नाही!"

"आन् ह्या काय खातील?" आई म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "जालं सगल्यांनी वढायचं आन् म्हावरं एकीनं न्यायचं? आपल्यात असं कवा झालंय?"

एक म्हातारी उंबऱ्यावरून म्हणाली, "ती पिवली गोड लागली गो, पोरी." चार पिवळ्या चौघींना एकेक देऊन टाकल्या होत्या. पाचवी आई. तिला उरलीच नव्हती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या बाईला साखर, तिलाच काही नाही!

"पिवल्या चारच व्हत्या, मी काय करू?" आई म्हणाली. "वाटं घालनारीचा हात शेवटी. ह्या नारिंगी हायत ना, त्या मी खातेय. रोज खातेय."

मी पाटावरचे वाटे मोजले. बाया पाच, वाटे सहा. "हा सहावा कोणाचा?"

"तुजा."

आई सांगायला लागली, जणू मला माहीतच नाही. होडीवरून माल आला की वाटे पडतात, आणि जो आजारी आहे, जो त्या दिवशी होडीवर येऊ शकला नाही, त्याचाही वाटा निघतो. लहानपणी बाप गेल्यावर आमच्या दारात असाच वाटा येऊन पडायचा, मी तोच खाऊन वाढले. "तू लांब हायस म्हनून तुजा वाटा बुडवू?" तिने विचारलं.

"अगं, मी गोळ्यांच्या दुकानात काम करते!"

"मग? ढिगात बसनारीला कोन देतो?"

त्या चारही बाया हसायला लागल्या. मला राग आला, हसू आलं, आणि बांबू मध्ये होता म्हणून, नाहीतर मी जाऊन तिच्या गळ्यात पडले असते. मी तिथेच उन्हात उभी राहिले. आईने पदराने डोळे पुसलेले मला दिसले, पण तिने तोंड दुसरीकडे केलं होतं.

पुढच्या वेळी मी पाच जणींच्या पाच पट्ट्या पाठवल्या. आख्ख्या. शेठ म्हणाले, "काय गं, दिवाळ्यात शाखा काढलीस काय?" रांगेतल्या माणसांना हसणारी मी, आता सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. कापायची नाही, वाटायची नाही, एकेकीने एकेक खायची, असं फोनवरून चार-चारदा बजावलं. उंटावरून शेळ्या हाकणं दुसरं काय असतं? पण रोज संध्याकाळी उत्तर यायचं. "घेतली गो." तीन महिने मी त्या दोन शब्दांवर काढले.

मग मीच आडवी झाले.

रिपोर्ट आला, नवऱ्याने हॉलमध्ये अंथरूण टाकलं, आणि मी आतल्या खोलीत दार लावून पडले. ताप चढला की खोली मोठी व्हायची. एक स्वप्न मला सारखं पडत होतं. खाडीला उधाण आलंय, पाणी सेक्टर ओलांडून आमच्या दुकानापर्यंत आलंय, आणि सगळी गिऱ्हाइकं गुडघाभर पाण्यात आपापल्या गोलांत उभी आहेत. कुणी ओरडत नाही. ते मास्तर आहेत, तो बाटलीवाला माणूस आहे, त्याच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ. काउंटरवर मी नाही, आई बसली आहे, तिच्यापुढे पाट. ती एकेकाला विचारते, तुमची मानसं किती? आणि तेवढे वाटे घालते. माझा नंबर येतो तेव्हा मला सांगताच येत नाही. मी बोटं मोजते आणि पाणी चढत राहतं.

आईला मी काही सांगितलं नव्हतं. रोज फोन करायचे, खोकला दाबून. पण ते मालवाले काका! दुकानात मी नाही हे बघितल्यावर त्यांनी जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांची स्कूटर माझ्या बिल्डिंगखाली. नवऱ्याने दाराशी एक डबा सरकवला. आमच्या घरचा, बारीक कोळंबीचा सुका जवळा ठेवायचा, झाकण पिवळं पडलेला.

आत वर्तमानपत्राच्या पुड्या. एकेक उघडली. चार पुड्यांत सुट्या गोळ्या, त्या चौघींनी आपापल्या पट्टीतल्या उरलेल्या काढून दिलेल्या. पाचवी पुडी माझ्या वाट्याची, ते कापलेले अर्धे तुकडे. आणि सहावी जड होती, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गाठ मारून बांधलेली. गाठ सोडली. आईच्या गोळ्या. पहिल्या पाकिटातल्या सुट्या, नंतरच्या आख्ख्या पट्ट्या. एकही बुडबुडा फोडलेला नाही. तीन महिन्यांतली एकही गोळी तिने खाल्ली नव्हती.

मी फोन लावला. मला श्वास पुरत नव्हता तरी ओरडले. "खोटं बोललीस! रोज खोटं बोललीस! तुला काही झालं असतं तर?"

ती म्हणाली, "अगो, मी खाल्ल्या असत्या, तर आज तुना काय पाठवलं असतं?"

मी रडले. मोठ्याने, लहान पोरीसारखी. दारापलीकडून नवरा विचारत राहिला, काय झालं, काय झालं.

"रडू नको. आजारी मानसाचा वाटा पयला," आई म्हणाली. "दुकानातल्या त्या दुकानातल्या. ह्या घरच्या हायत. रोज एक घे."

मी डबा नाकाशी नेला. तीन महिने जवळ्याच्या डब्यात राहिलेल्या गोळ्या, नाक फुटेल असा वास असणार. काहीच आलं नाही. वास जातो हे मी काउंटरवर दिवसातून दहादा ऐकलं होतं, पण आपल्या घराचा वास जातो म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. दिवाळ्यातलं आमचं घर, तो ओटा, आईचा पदर, सगळं कुणी पुसून टाकल्यासारखं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. डबा उशाशी.

किती दिवस गेले ते मी सांगू शकत नाही. ताप उतरला. नवरा दाराशी पेज ठेवायचा, मी चव नसलेली पेज प्यायचे. आणि एका सकाळी जाग आली ती कशाने, हे आधी समजलंच नाही. डोळे मिटलेले, आणि मी लहान आहे, आमच्या माळ्यावर झोपले आहे, खाली आई जवळा पाखडते आहे. मी डोळे उघडले. समोर कोपरखैरण्याचं छत, पंखा. पण वास होता. खारट, उग्र, आमचा. डब्याचं झाकण रात्री सैल राहिलं होतं.

मी उठून बसले, डबा मांडीवर घेतला आणि फोन लावला. आईने पहिल्याच रिंगला उचलला, म्हणजे तो तिच्या हातातच होता.

"आये, वास आला गो."

"कसला?"

"जवल्याचा."

पलीकडून तिने नाक ओढल्याचा आवाज आला, आणि ती तिथल्या कुणाला तरी ओरडून म्हणाली, "हिला वास आला, वास आला!" आळीतल्या बाया काहीतरी बोलल्या. मग ती पुन्हा फोनवर आली, एकदम कडक आवाजात.

"गोल्यांचा गुन आला बग. रोज घेतलीस ना?"

सहाही पुड्या माझ्या मांडीवर होत्या. आईची गाठ मी पुन्हा होती तशीच मारून ठेवली होती. ताप उतरला की काकांच्या स्कूटरवरून तिच्या तिला परत पाठवायच्या, असं मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. एकही गोळी मी खाल्ली नव्हती.

"घेतली गो," मी म्हटलं.